पंप कुठे धुता?

आबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचा जिना चढत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट आणि पर्समध्ये फोन कोकलतोय. जिन्यातच डबा खाली ठेवला आणि फोन घेतला.

"ताई, लवकर या. माशा बठ्ठ्या मरी राहिन्यात."

"कुठल्या माश्या, आबा? पेट्यांतल्या?"

"हां ना. तायडे भाऊ पेट्यासजोडे बठेल शे. काई बोलतच नही."

आल्या पावली खाली उतरले आणि स्कूटीला किल्ली लावली. आबांचं गाव पांझरेच्या काठावर आहे, धुळ्यापासून फार लांब नाही. वाटभर मी देवाला एकच सांगत होते, की आबांना नीट दिसत नाही, ते उगाच घाबरलेत, असं काहीतरी निघू दे.

तसं काही निघालं नाही. विहिरीजवळच्या आंब्याखाली मधमाश्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि एकेका पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. काही अजून जिवंत होत्या. त्या जमिनीवर गरागरा फिरायच्या, पाठीवर पडायच्या, पुन्हा फिरायच्या. मेलेल्यांची जीभ बाहेर आलेली होती. हे विषबाधेचं लक्षण. म्हातारी होऊन मेलेली माशी अशी जीभ काढून पडत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

पेट्यांचे मालक तायडे भाऊ उकिडवे बसले होते. माश्या झटकायचा ब्रश हातात होता, पण हात चालत नव्हता.

"भाऊ," मी म्हटलं.

"मॅडम, काल संध्याकाळी पेट्यांची दारं मी स्वतः लावली. सकाळी ऊन वर आल्यावर उघडली. ठरावात लिहिलंय तस्संच केलं."

तो ठराव गावाने माझ्याच नादाने केला होता. म्हणून आधी त्याचं सांगते.

मी कृषी खात्यात मंडळ कृषी अधिकारी आहे. म्हणजे काही गावांच्या योजना, पंचनामे, खत-औषधांच्या दुकानांची तपासणी, सगळं माझ्या गळ्यात. या गावात पाणी बऱ्यापैकी आहे, म्हणून बरेच जण कांद्याचं बी करतात. निवडक कांदा पुन्हा जमिनीत लावायचा. त्यातून दांडा वर येतो, त्याला डोंगळा म्हणतात. डोंगळ्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो आणि त्या गोंड्यात काळं बी धरतं. ऐकायला सोपं आहे. पण कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी पिकून झडतो आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो. म्हणजे या फुलाचा पराग त्या फुलावर कुणीतरी नेऊन ठेवायला लागतो. हे काम माशी करते. माशी नसेल तर गोंडा दिसायला भरगच्च आणि आत निम्मं फोल.

गावात पूर्वी माश्या होत्या. आंब्याला, पिंपळाला आग्यामोहोळं लटकायची. मग फवारण्या वाढल्या. डोंगळ्यावर फुलकिडे येतात, त्यांना थ्रिप्स म्हणतात, ते फुलाचा रस शोषतात. म्हणून लोक ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी फवारायचे. माश्या फुलांवर यायची वेळही तीच. काही वर्षांत मोहोळं गेली. मग बायका रोज सकाळी मऊ कापड घेऊन एकेक गोंडा चोळत फिरायला लागल्या. आबांच्या घरच्या अक्का मला म्हणायच्या, "ताई, माशीनं काम मानूसले कराना पडी राहिनं. हातना वास जातच नही."

आबा म्हणजे भिला आबा. गावात त्यांचा शब्द चालतो. वरवर कडक, पण मनाने सरळ माणूस. पेट्या आणायची कल्पना माझी, पण ती उचलून धरली आबांनी.

पेट्या होत्या तायडे भाऊंकडे. ते जळगावला पिंप्राळ्यात राहतात. पाइपच्या एका कंपनीत होते, ती नोकरी सोडून माश्या पाळायला लागले. पावसाळ्यात पेट्या यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ठेवायचे, हिवाळा संपला की ज्याला हव्या त्याच्या शेतात न्यायचे. मी त्यांच्या घरी गेले तर चहा येण्याआधी नकार आला.

"नाही मॅडम. एकदा लिंबाच्या बागेत नेल्या होत्या. मालक म्हणाला, 'भाऊ, मी आहे ना.' निम्म्या पेट्या तिथेच साफ झाल्या. आता ह्या उरलेल्या गेल्या तर मला परत कंपनीच्या दारात उभं राहायला लागेल. आणि ह्या वयात तिथे मला कोण उभं करतंय?"

वहिनी चहा घेऊन आल्या. "मॅडम, हे कंपनीत होते तेव्हा घरी आले की टीव्ही लावायचे. आता रात्रंदिवस माश्यांचं बोलतात. मला तर टीव्हीच बरा होता बाई!"

भाऊ हसले. पण मुद्दा सोडला नाही. "मी आता कुणाच्या शब्दावर माशी नेत नाही. गावाचा ठराव पाहिजे. कधी फवारायचं, कधी नाही, सगळं त्यात."

मी ऑफिसात साहेबांना विचारलं.

"मॅडम, शेतकऱ्याने किती वाजता फवारायचं हे ठरवायचा आपल्याला अधिकार आहे?"

"नाही सर."

"मग?"

"गावाने ठरवलं तर गावाला आहे."

"मग गावाला ठरवू द्या. आपलं नाव नको त्यात."

साहेबांचं चुकीचं नव्हतं. कीटकनाशकाच्या कायद्याने मी दुकान तपासू शकते, नमुना घेऊ शकते, विक्री थांबवू शकते. पण बाटली एकदा शेतात गेली की माझा हात तिथे पोचत नाही. बाटलीवर 'फुलोऱ्यात फवारू नये, मधमाश्यांना घातक' असं छापलेलं असतं, ते मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. लोक बघतात फक्त रंगाचा त्रिकोण. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निळा दिसला की म्हणतात, हे सौम्य आहे. अरे बाबा, तो त्रिकोण तुझ्यासाठी आहे, माशीसाठी नाही! निळ्या त्रिकोणाचं औषधसुद्धा माशीला मारायला घोटभर पुरतं. हे मी किती वेळा सांगितलं असेल, मोजलं नाही.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. नियम असे ठरले. फुलोरा आहे तोवर दिवसा फवारणी बंद. फवारायचंच असेल तर सगळ्या गावाने एकाच संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचं, म्हणजे तायडे भाऊ पेट्यांची दारं लावून घेतील. सकाळी फुलावरचं औषध सुकलं की दारं उघडायची.

तेवढ्यात कैलास उभा राहिला. कैलास म्हणजे गावातला कायमचा विरोधी पक्ष. पंचायतीने त्याच्या दारापुढे रस्ता करून देतो म्हटलं तरी हा विचारणार, "कसाले?" कामाचा आळशी, तोंडाचा तिखट.

"ताई, दिवसमा फवारानं नही म्हनतस तुम्ही. मंग अंधारमा आम्ही पंप कोठे धुवानं? हातपाय कोठे धुवानं? साप चावना तं तुम्ही येशात का?"

सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न रास्त होता. सकाळी फवारायचे तेव्हा जो तो आपल्या बांधावर, पाटाच्या पाण्यात पंप धुऊन मोकळा व्हायचा. काळोखात पाटात कोण उतरणार? सरपंचांनी जागच्या जागी तोडगा काढला. विहिरीजवळ, आंब्याच्या थोडं अलीकडे, खांबावर मोठा दिवा आणि खाली नळाची तोटी. फवारून या, उजेडात धुवा, घरी जा.

मला तर आनंदच झाला. पंप न धुता घरात नेऊन ठेवतात, पोरंबाळं त्याला हात लावतात, ही आमची जुनी डोकेदुखी. मी आमच्या खात्याचं पोस्टर आणलं आणि त्या खांबाला चिकटवलं. 'फवारणीनंतर पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा.' आबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कैलास म्हणाला, "तीनदा तं मी सोताले धुवत नही."

ठराव झाला, सह्या-अंगठे झाले आणि तायडे भाऊ पेट्या घेऊन आले.

ते दिवस फार चांगले गेले, हे मला सांगायलाच पाहिजे. सकाळी डोंगळ्याच्या वावरात उभं राहिलं की नुसता गुणगुणाट. बायकांनी कापडं बाजूला ठेवली. भाऊंनी घमेल्यात खडे टाकून माश्यांसाठी पाणी ठेवलं होतं, ते घमेलं भरायला लोकांत चढाओढ. शाळेच्या ओट्यावर भाऊंचा मुक्काम आणि जेवायला रोज नवं घर. चहाच्या कपाच्या काठावर माशी बसली तर अक्का तिला हाकलायच्या नाहीत. "पेऊ दे तिले. पाहुनी शे," म्हणायच्या. कैलाससुद्धा बांधावर उभा राहून माश्या बघायचा. कुणी पाहिलं की लगेच पाठ फिरवायचा.

साहेब एकदा येऊन फोटो काढून गेले. जाताना म्हणाले, "मॅडम, याचा एक छान रिपोर्ट करा. आपलं नाव घाला त्यात."

मग ऊन तापलं आणि थ्रिप्स वाढले. भोंग्यावरून पुकारा झाला. ठरल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, सगळं गाव पंप पाठीला लावून वावरात गेलं. सूर्य मावळायच्या आधी एकानेही पंप उचलला नाही. मी मुद्दाम थांबून बघितलं होतं. उजेडात रांग लावून लोक पंप धुत होते आणि कुणाचं दुसरं पाणी, कुणाचं तिसरं, अशी चेष्टा चालली होती. मी समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

आता आंब्याखाली सगळं गाव गोळा झालं होतं. मग आबांनीच हात लांब केला आणि कैलासकडे बोट दाखवलं.

"हाऊच शे."

त्याला कारणं होती. कैलासचं वावर आंब्याला लागून. ठरावाला विरोध त्याचा. आणि त्याच्या बांधावर औषधाची रिकामी बाटली सापडली होती. लोकांनी जोडाजोड केली, की ह्याने सकाळी पुन्हा एक हात मारला असणार.

माझं डोकं फिरलेलं होतंच. "कैलास, खरं बोल. सकाळी फवारलंस?"

"नही ताई. मन्हा आंडोरनी आन. सकायमा पंप हातमा धरा नही मी."

"मग ही बाटली?"

"ती काल संध्याकायनी. बठ्ठासनी फवारं, मी बी फवारं."

"खोटं बोली राहिना!" मागून कुणीतरी ओरडलं. कैलासने सगळ्यांकडे एकदा बघितलं. तो खाली मान घालून घरी निघून गेला, आणि पोराची शपथ घेतलेला माणूस असा का गेला, हे मला दिवसभर डाचत राहिलं.

नमुना घ्यायचा होता. मेलेल्या माश्या बर्फात ठेवून लवकरात लवकर लॅबला पाठवायला लागतात, नाहीतर त्या सडतात आणि विष कुठलं ते कळत नाही. गावात बर्फ कुठला? कुल्फीवाल्याच्या गाडीवरून मागून आणला. बरणी बंद करताना साहेबांचा फोन आला.

"मॅडम, काय ऐकतोय मी?"

"खरं ऐकताय सर."

"दोषी सापडला का?"

"लोक एकाचं नाव घेतायत. मला खात्री नाही."

"मग खात्री करा. आणि तो रिपोर्ट अजून वर गेला नसेल तर... आपलं नाव काढा त्यातून."

भाऊंनी उरलेल्या पेट्यांची दारं लावून ठेवावीत असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "ह्या उन्हात दारं लावली तर गुदमरून मरतील. उघडायला तर लागणारच." बरोबर होतं. माशीची गत आगीतून फुफाट्यात. संध्याकाळी त्यांनी ढीग झाडून काढला, आंब्याच्या मुळाशी खड्डा केला, त्यात पुरला. आबा शेजारी उभे होते.

रात्री मला झोप लागली नाही असं काही म्हणत नाही, झोप लागली. पण पहाटे जाग आली तेव्हा एकच विचार डोक्यात होता. फवारणी एकदाच झाली. फुलावरचं औषध मारायचं तेवढं पहिल्या दिवशी मारेल. आज नव्या माश्या मेल्या तर मारणारं कुठेतरी अजून शिल्लक आहे. मी अंधारातच निघाले.

भाऊंनी दारं उघडली तेव्हा ऊन कोवळं होतं. दोघंही बघत उभे राहिलो. माश्या निघाल्या, पण डोंगळ्याकडे गेल्याच नाहीत. एवढ्या लवकर फुलात मध उतरत नाही. त्या वेळी माशीला पाणी लागतं. आत पिल्लांना पाजायचं असतं, घट्ट मध पातळ करायचा असतो, आणि कांद्याचा मध फार घट्ट. आम्ही घमेल्याकडे बघितलं. घमेल्यावर चारदोन माश्या. बाकीच्या सरळ अलीकडे उतरत होत्या.

नळाखाली.

तोटीखालची माती कायम ओली असायची. तिथे पंपांचं पाणी जिरलेलं होतं. माशीचं हे असं आहे, की तिला तुमचं गाळलेलं पाणी नको असतं, ओली खारट माती आवडते. सगळ्या ओल्या मातीवर माश्या दाटीने बसल्या होत्या आणि सोंडा खुपसून पीत होत्या. मी खाली वाकले. वास आला. आमच्या खात्यात इतकी वर्षं काढल्यावर तो वास ओळखायला लॅब लागत नाही.

"अरे देवा," एवढंच माझ्या तोंडून निघालं. भाऊ दोन्ही हातांनी माश्या हाकलायला लागले. काही त्यांना चावल्या, तरी ते हाकलतच राहिले.

पूर्वी ते विष बांधोबांध, पाटापाटात वाटलं जायचं. आम्ही नियम केला आणि सगळ्या गावाचं विष एका तोटीखाली, पेट्यांपासून हाकेच्या अंतरावर, एका संध्याकाळी आणून ओतलं. तेही तीन तीन वेळा धुऊन. खांबावर माझं पोस्टर होतंच.

मी गावातून फावडं आणि गोणपाट मागवलं. लोक जमले. काय झालं ते मी सांगितलं. आबा पोस्टरकडे बघत होते.

"मी तं तीन पानी दिधात, ताई. तुम्ही सांगेल व्हतं तसंच."

"हो आबा."

"नोझल बी काढीसन धुवं."

गावात सगळ्यात स्वच्छ पंप आबांचा होता.

तेवढ्यात मागून कैलास पुढे आला. पाठीवर पंप तसाच. तो त्याने माझ्यापुढे ठेवला. टाकीवर, नळीवर, नोझलवर औषधाचे वाळलेले पांढरे थर. किती हंगामांचे, देव जाणे.

"दखा ताई. मी आठे पंप धुवाले येतच नही. कटाळा येस."

एरवी ह्यावर गाव खदखदून हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळ्या गावात एकटा कैलास निर्दोष होता, आणि तो आळसामुळे. आबांनी मान खाली घातली. माफी वगैरे त्यांच्या पिढीला मागता येत नाही. ते कैलासच्या जवळ गेले आणि म्हणाले, "चाल घर. चहा ले." दोघे गेले.

ती माती आम्ही उकरली, लांब खड्ड्यात पुरली, वर गोणपाट आणि मुरूम टाकला. तोटी काढली. यापुढे ज्याने त्याने आपल्या वावराच्या कोपऱ्यात खड्डा करून तिथेच पंप धुवायचा, असं ठरलं. दुपारपर्यंत सगळं नीट झालं. मी भाऊंकडे गेले. ते पेट्यांच्या पट्ट्या आवळत होते.

"भाऊ, कारण सापडलं. आता पुन्हा नाही होणार."

"हो मॅडम."

"मग कशाला जाताय? अजून फुलोरा आहे. उरलेल्या आहेत त्या वाढतील."

"ज्या उरल्यात त्यांच्या पोटात काय आहे, मला माहीत नाही." त्यांनी पट्टी आवळली. "मॅडम, कुणी मुद्दाम केलं असतं ना, तर मी थांबलो असतो. त्याला बोललो असतो, भांडलो असतो, आबांनी त्याला सरळ केलं असतं. इथे सगळे चांगलेच वागले. मी कुणाला काय सांगू? आणि आता पुढचं काय असेल, जे तुम्हाला पण माहीत नाही, मला पण नाही?"

मी पट्टीचं दुसरं टोक धरलं.

माश्या घरी परतेपर्यंत पिकअप थांबली होती. अंधार पडायला लागल्यावर भाऊंनी दारं लावली. पेट्या उचलताना हलक्या लागत होत्या, ते उचलणाऱ्यांच्या तोंडावर दिसत होतं. अक्कांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. भाऊंनी तो घेतला, अक्कांच्या पाया पडले. अक्का रडल्या. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू. कैलास पिकअपच्या मागे पेट्यांना दोर बांधत होता, गाठ मारून झाली तरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा कांद्याचं बी काढून, झोडपून, पोत्यांत भरून झालं होतं. आम्हाला माहीत होतं तेच त्यात लिहिलेलं होतं. उरलेल्या पेट्याही यावलला पोचल्यावर एकेक करून गेल्या. तायडे भाऊ आता एका गोडाऊनवर आहेत, गेटवर. मी पिंप्राळ्याला गेले होते भेटायला. वहिनींनी चहा दिला. टीव्ही चालू होता. भाऊ घरी आले, माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलले आणि टीव्ही बघत बसले. वहिनी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी उगीच म्हटलं होतं हो तेव्हा."

इकडे ठरावाचं भाग्य उघडलं. पंप धुवायच्या खड्ड्याचं कलम घालून आम्ही तो सुधारला आणि तो दुसऱ्या गावांना नमुना म्हणून फिरायला लागला. साहेबांनी त्यात आपलं नाव पुन्हा घातलं. मला कुठेही बोलावलं तर मी योजना नंतर सांगते, आधी विचारते, "पंप कुठे धुता?" लोक एकमेकांकडे बघतात. बाई माश्यांचं बोलायला आली आणि विचारते काय! पण नियम हा माणसाच्या हाताला बांधतो, आणि हात रिकामा झाला की कुठे जातो ते नियम करणाऱ्याला दिसत नाही. हे मला शिकवायला खूप माश्या गेल्या.

यंदा फुलोऱ्यात त्या गावात गेले होते. बायका पुन्हा कापडं घेऊन गोंडे चोळत होत्या. वावरात गुणगुणाट नव्हता. दुपार कलली तरी आबा भरलेला पंप बांधावर ठेवून चिंचेखाली बसून होते. बाजूला कोपऱ्यात पंप धुवायचा खड्डा, नीट आखलेला. पलीकडच्या बांधावर कैलासही बसलेला, त्याचाही पंप भरलेला.

"काय आबा, कुणाची वाट बघताय?"

"सूर्य मावळू दे. मंग फवारसूत."

"अहो, पण आता पेट्या नाहीत, माश्या नाहीत. कशाला थांबता?"

आबांनी डोंगळ्यांकडे बघितलं.

"एखादी यी गयी तं?"

मी पण मग तिथेच बसले, सूर्य मावळेपर्यंत.